वृत्तपत्रांतील पूर्वपक्ष

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धावर लिहिणाऱ्या आमच्या संशोधक-बंधूंच्या लेखांत एक वाक्य वारंवार आढळतें. ‘त्या वेळचें लोकमत अमुक बाजूचें होतें’ असें तें वाक्य असतें, आणि त्याच्या आधारासाठीं ‘केसरी’च्या, ‘ज्ञानप्रकाशा’च्या किंवा ‘इंदुप्रकाशा’च्या एखाद्या अंकाची तारीख खालीं दिलेली असते. तारीख बहुधा बिनचूक असते. उताराही बरोबर उतरून घेतलेला असतो. तरीही तें वाक्य आम्हांस मान्य होत नाहीं. अंकांत जें छापलें गेलें तें त्याच्या चालकांनीं छापण्यास योग्य मानलें, एवढेंच त्या पुराव्यानें सिद्ध होतें. जें कचेरींत आलें पण छापलें गेलें नाहीं, जें छापलें जाणार नाहीं हें ओळखून कोणी लिहिलेंच नाहीं, आणि लिहितां येत नसल्यामुळें जें कोणी लिहूं शकलें नाहीं, त्या सर्वांविषयीं तो अंक मौन धरतो. संशोधक त्या मौनालाच संमति समजून पुढें जातो. या सवयीची चिकित्सा करणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. कोणा संपादकावर मरणोत्तर आरोप ठेवण्याची आमची इच्छा नाहीं, हें प्रथमच नमूद करून ठेवतों.

वादाची पद्धति आमच्या पूर्वजांस नवी नव्हती. न्यायशास्त्रानें कथेचे तीन प्रकार सांगितले आहेत: तत्त्वनिर्णयासाठीं चालतो तो वाद, विजयासाठीं चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडतां केवळ परपक्षाचें खंडन करते ती वितंडा. शास्त्रीय ग्रंथाच्या रचनेंत पूर्वपक्ष प्रथम आणि सिद्धांत मागाहून येतो. ज्यानें पूर्वपक्ष दुबळा मांडला त्याचा सिद्धांतही दुबळाच समजला जाई. ही पद्धति उदार होती यांत शंका नाहीं. परंतु तिच्यांतही एक उणीव होती, व ती विसरून चालणार नाहीं. पूर्वपक्ष मांडणारा मनुष्य बहुधा सिद्धांतीच असे. चार्वाकमताचें उदाहरण पाहावें. चौदाव्या शतकांत रचल्या गेलेल्या सर्वदर्शनसंग्रहाचा आरंभच चार्वाकदर्शनानें होतो. म्हणजे त्या मताला सभेंत बसावयास आसन मिळालें होतें. पण त्या मताच्या अनुयायांचे मूळ ग्रंथ नाहींसे झाले, आणि शेंकडों वर्षें तें मत आपणांस त्याच्या विरोधकांच्या तोंडूनच ऐकावें लागलें. १९२६ सालीं पाटण येथील ग्रंथभांडारांत जयराशि भट्टाच्या तत्त्वोपप्लवसिंहाची ताडपत्री पोथी हातीं आली व १९४० सालीं ती बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत छापली गेली. जयराशीला शुद्ध चार्वाक म्हणावें कीं नाहीं याबद्दल पंडितांत मतभेद आहेत; परंतु एका पोथीनें सबंध पक्षाचें चित्र कसें हालतें हें त्यावरून दिसतें. पोथ्या जमविणाऱ्या आमच्या वाचकांस ही गोष्ट निराळी सांगावयास नको.

आतां हीच कसोटी मराठी वृत्तपत्रांस लावून पाहूं.

बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईस निघालें, आणि त्याच्या पानांवर मराठी व इंग्रजी असे दोन स्तंभ शेजारी शेजारी असत. १८४१ सालीं भाऊ महाजन, म्हणजे गोविंद विठ्ठल कुंटे, यांनीं ‘प्रभाकर’ काढलें. याच पत्रांत १८४८ ते १८५० या काळांत ‘लोकहितवादी’ या नांवाखालीं गोपाळ हरि देशमुखांचीं एकशें आठ पत्रें प्रसिद्ध झालीं. स्वजातीच्या आळसावर व पोकळ विद्येवर इतकी कडक टीका एका ब्राह्मण लेखकानें करावी व ती एका ब्राह्मण संपादकानें दर आठवड्यास छापावी, हें त्या काळाचें भूषणच म्हटलें पाहिजे. परंतु लेखक सरकारी नोकरींतील सुशिक्षित गृहस्थ होता, आणि तरीही त्यास टोपणनांव घ्यावें लागलें, हेंही त्याच नोंदींत लिहून ठेवावें.

‘प्रभाकरां’तील या पत्रमालेनंतर पांच वर्षांनीं, १८५५ सालीं, जोतीराव फुले यांच्या पुण्यांतील शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता नांवाच्या मांग जातीच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयींचा निबंध छापला गेला. तो ‘ज्ञानोदयां’त आला. ‘ज्ञानोदय’ हें अहमदनगरास १८४२ सालीं अमेरिकन मिशनऱ्यांनीं काढलेलें पत्र; त्याचा हेतु धर्मप्रसाराचा होता व तो त्यानें लपविलाही नाहीं. पुण्यांतील मुलीचें म्हणणें पुण्यास निघणाऱ्या ‘ज्ञानप्रकाशा’च्या नव्हे, तर परधर्मीयांच्या पत्राच्या द्वारें बाहेर पडलें, ही गोष्ट संशोधकानें नुसती टीप म्हणून सोडून देऊं नये. एखादें मत कोणत्या दारानें आलें हें पाहिलें म्हणजे कोणतीं दारें त्याला बंद होतीं याचा अदमास करतां येतो.

सभेंतील वादाचाही दाखला आहे. विधवाविवाह सशास्त्र आहे कीं नाहीं याचा निर्णय करण्यासाठीं १८७० सालीं पुण्यास शंकराचार्यांच्या समोर दोन्ही पक्षांच्या शास्त्र्यांचा वाद झाला. ‘इंदुप्रकाशा’चे विष्णुशास्त्री पंडित सुधारकपक्षानें उभे होते. निर्णय विधवाविवाहाच्या विरुद्ध लागला; तथापि पद्धतीच्या दृष्टीनें पाहतां पूर्वपक्षाला त्याच्या स्वतःच्या माणसांच्या मुखानें बोलतां आलें, आणि संस्कृत शिकलेल्या माणसास हें वाचून समाधान वाटतें. आम्हांसही पुष्कळ वर्षें तें वाटत होतें. पुढें केव्हांतरी ध्यानांत आलें कीं, दोन्ही पक्ष एकाच भाषेंत, एकाच ग्रंथांच्या आधारें, एकाच प्रकारच्या माणसांकडून मांडले गेले. आणि जिच्याविषयीं वाद चालला होता तिला त्या सभेंत पक्षही नव्हता व जागाही नव्हती.

येथपर्यंत ज्या गोष्टी सांगितल्या त्या मताच्या प्रवेशाविषयीं होत्या. आतां प्रवेश मिळूनही मत कसें मागें सारलें जातें तें पाहूं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ सालीं सुरू झाली व तिचे चौऱ्यायशीं अंक निघाले. मराठी गद्यावर तिचे उपकार आहेत, आणि ते नाकारणारा मनुष्य कृतघ्न ठरेल. या मालेंत जोतीरावांच्या लिखाणाचा समाचार घेतला गेला. ‘गुलामगिरी’ १८७३ सालचें, सत्यशोधक समाजाची स्थापनाही त्याच वर्षीं २४ सप्टेंबरची. म्हणजे विषय ताजा होता. परंतु त्या टीकेचा पुष्कळसा भर भाषेच्या व व्याकरणाच्या दोषांवर पडला. आम्हीं जन्मभर मुलांस व्याकरण शिकविलें. तांबड्या शाईनें निबंध तपासणारा हात कसा चालतो हें आम्हांस ठाऊक आहे: ऱ्हस्व-दीर्घाखालीं रेघा ओढतां ओढतां मुलानें काय सांगितलें तें वाचावयाचें राहून जातें, आणि वही परत गेल्यावर मास्तरांस वाटतें कीं आपण निबंध वाचला. विष्णुशास्त्र्यांसारख्या समर्थ लेखकाच्या हातून हेंच घडलें असें आमचें मत आहे. शेतकऱ्यावरील कर्ज, गांवचें जोशीपण, शाळेंतील प्रवेश हे जोतीरावांचे मुद्दे बाजूस राहिले. लेखनशुद्धीच्या अटीवर लेखक बाद झाला. न्यायशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर ही कथा वादाची नव्हती, जल्पाची होती. आणि पुढील कित्येक पिढ्यांच्या शाळकरी मुलांस जोतीरावांचें नांव प्रथम कळलें असेल तर तें मालेंतील उपहासामुळें. चार्वाकाची गोष्ट पुन्हां घडली.

आतां ‘केसरी’ आणि ‘सुधारक’. ‘केसरी’ ४ जानेवारी १८८१ रोजीं निघाला व गोपाळ गणेश आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. कोल्हापूरच्या दिवाणांवरील लेखांबद्दल १८८२ सालीं टिळक व आगरकर या दोघांनीं डोंगरीच्या तुरुंगांत बरोबर दिवस काढले. पुढें सामाजिक प्रश्नांवर चालकांचें एकमत राहिलें नाहीं; १८८७ सालीं आगरकरांनीं ‘केसरी’ सोडला आणि १८८८ च्या ऑक्टोबरांत ‘सुधारक’ काढला. या वादाचें वर्णन प्रत्येक पाठ्यपुस्तकांत आहे. आधीं राजकीय कीं आधीं सामाजिक, असें त्याचें सूत्र सांगतात, आणि तेवढ्यांत त्या काळचा सर्व विचार सामावला असें विद्यार्थ्यास वाटूं लागतें. वाद जोराचा होता, दोन्ही बाजूंची लेखणी असामान्य होती, आणि आगरकरांस आपल्या मतांपायीं जिवंतपणीं स्वतःची प्रेतयात्रा पाहावी लागली. यामुळेंच वाचकाची दिशाभूल होते. वाद जितका कडाक्याचा तितका तो विस्तृत, असा समज होतो. वस्तुतः वादाचा कडाका आणि वादाचा विस्तार या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

संमतिवयाच्या कायद्याचा प्रसंग यावर चांगला प्रकाश टाकतो. मार्च १८९१ मध्यें मंजूर झालेल्या या कायद्यानें संमतीचें वय दहावरून बारावर नेलें. १८९० सालीं बंगाल्यांत फुलमणी नांवाची अल्पवयी मुलगी पतिसंगानें मरण पावली, तें या चर्चेचें तात्कालिक कारण होतें. त्या महिन्यांतील मराठी पत्रें चाळलीं तर चर्चेचा पूर आलेला दिसतो. गर्भाधान कोणत्या ऋतूंत करावें, तें टाळल्यास दोष कितपत, परकी सरकारनें धर्मांत हात घालावा कीं नाहीं, यांवर एका बाजूस रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारखे पंडित आणि दुसऱ्या बाजूस टिळकांसारखे पंडित, अशी लढत झाली. भांडारकरांनीं ग्रंथाधारें असें प्रतिपादिलें कीं, गर्भाधान लांबणीवर टाकण्यास शास्त्राची आडकाठी नाहीं; टिळकांनीं त्यास ग्रंथाधारेंच विरोध केला. धर्मशास्त्राच्या अभ्यासकास ही चर्चा आजही वाचनीय वाटेल. पण जिच्या दहा किंवा बारा वर्षांवर हा वाद चालला होता तिच्या बाजूनें बोलणारी स्त्री त्या स्तंभांत शोधूं गेल्यास फार शोधावें लागतें.

स्त्रिया बोलतच नव्हत्या काय? बोलत होत्या; पण कोठें, तें पाहावें. लहानपणीं लागलेल्या लग्नाचा संसार करण्याचें नाकारणाऱ्या रखमाबाईंनीं १८८५ सालीं आपली बाजू मांडली, ती मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’ या इंग्रजी पत्रांत, आणि तीही ‘एक हिंदु स्त्री’ एवढ्याच अर्थाच्या सहीनें. १८८७ सालीं न्यायालयानें त्यांस नवऱ्याकडे जा अथवा तुरुंगांत जा असा हुकूम केला. १८८८ सालीं दोन हजार रुपये देऊन तो खटला मिटला, आणि पुढें त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. मराठी घरांतील या मुलीस स्वतःचें म्हणणें परभाषेंत व परक्या पत्रांत मांडावें लागलें. ताराबाई शिंदे यांची गोष्ट याहूनही बोलकी आहे. सुरत जिल्ह्यांतील विजयालक्ष्मी नांवाच्या विधवेवर १८८१ सालीं बालहत्येचा खटला झाला. त्या निमित्तानें पुण्यांतील सनातनी पत्रांनीं स्त्रीजातीवर जें तोंडसुख घेतलें त्यास उत्तर म्हणून बुलढाण्याच्या या बाईंनीं १८८२ सालीं ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापून काढली. उत्तर वृत्तपत्राला होतें. परंतु तें वृत्तपत्रांत आलें नाहीं, स्वतंत्र पुस्तक काढावें लागलें. जोतीरावांनीं ‘सत्सार’ या आपल्या लहानशा पुस्तिकेंत त्यांची बाजू घेतली, तेवढेंच. नंतर तें पुस्तक विस्मृतींत गेलें, आणि १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तें पुन्हां प्रकाशांत आणीपर्यंत नव्वदांहून अधिक वर्षें मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत त्याची गणना नव्हती. या नव्वद वर्षांत ‘त्या वेळचें लोकमत’ लिहिणाऱ्या प्रत्येकानें एक पक्ष गाळून निर्णय दिला. आणि आपण कांहीं गाळलें हें त्यास ठाऊकही नव्हतें.

हा दोष केवळ पुण्याच्या ब्राह्मणी पत्रांचा होता असें कोणी म्हणेल तर तेंही पुराव्यास धरून होणार नाहीं. सत्यशोधक मंडळींचें ‘दीनबंधु’ कृष्णराव भालेकरांनीं १८७७ सालीं पुण्यास काढलें. पुढें तें मुंबईस नारायण मेघाजी लोखंड्यांच्या हातीं आलें. जोतीरावांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हां त्याचा आरंभीचा भाग या पत्रांत आला आणि पुढचा भाग छापण्यास संपादक कचरले. ज्या पत्राचा जन्मच जोतीरावांच्या चळवळींतून झाला त्यालाही जोतीरावांचे सर्व शब्द पेलले नाहींत. सबंध ग्रंथ त्यांच्या हयातींत छापून झाला नाहीं. तो हस्तलिखिताच्या रूपानें राहिला म्हणूनच आज आपण वाचतों. तात्पर्य, प्रत्येक पत्राभोंवतीं एक रिंगण असतें. मोठ्या पत्राचें रिंगण मोठें व धाकट्याचें धाकटें असाही नियम नाहीं. कोणास सरकारची भीति, कोणास वर्गणीदारांची, कोणास जातभाईंची, आणि कोणास आपल्याच पक्षांतील वडीलधाऱ्यांची.

पुढील पिढींतील एक उदाहरण देऊन ही यादी संपवितों. ३१ जानेवारी १९२० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं ‘मूकनायक’ सुरू केला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं त्यास अडीच हजार रुपये दिले होते. पहिल्याच अग्रलेखांत त्यांनीं असें दाखविलें कीं, मुंबई इलाख्यांतील बहुतेक पत्रें विशिष्ट जातींचें हित पाहणारीं आहेत व इतरांची त्यांस पर्वा नाहीं. या पत्राची जाहिरात पैसे देऊं केले असतांही ‘केसरी’नें छापली नाहीं, असें धनंजय कीर यांनीं चरित्रांत नमूद केलें आहे. लेख नाकारणें समजण्यासारखें आहे. मतभेद असूं शकतो. परंतु दुसरें एक पत्र निघत आहे एवढी वार्ताही दाम घेऊन न देणें, म्हणजे प्रतिपक्षाचें अस्तित्वच वाचकास कळूं न देणें होय. १९२० सालच्या ‘केसरी’च्या फायलीवरून त्या वर्षाचें लोकमत ठरविणाऱ्या संशोधकास ‘मूकनायक’ नांवाचें पत्र निघालें होतें हें त्या जाहिरातींच्या पानांवरून समजणार नाहीं.

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील, आणि ते दोन्ही विचार करण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप असा कीं, मतस्वातंत्र्यावरील खरें बंधन सरकारचें होतें. संपादकांना दोष कां द्यावा? १८७८ चा देशी वृत्तपत्रांचा कायदा, राजद्रोहाचें कलम, टिळकांवरील १८९७ व १९०८ चे खटले, १९१० चा छापखान्यांचा कायदा, हीं बंधनें खरीं होतीं व कठोर होतीं. आणि स्वराज्यांतही १९७५ च्या आणीबाणींत वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी बसली. परंतु संशोधकाच्या दृष्टीनें या दोन बंधनांत एक मोठा भेद आहे. सरकारी बंदी आपला कागद मागें ठेवते. खटल्याचें वृत्त, निकालपत्र, जप्तीचा हुकूम हीं सर्व दप्तरांत सांपडतात. आणीबाणींत तर कांहीं पत्रांनीं अग्रलेखाची जागा कोरी सोडून बंदी वाचकांच्या डोळ्यांसमोर ठेविली. संपादकानें केराच्या टोपलींत टाकलेल्या पत्राचा कागद मात्र कोठेंच राहत नाहीं, आणि त्याच्या जागीं कोरी जागाही राहत नाहीं. तेथें दुसरा मजकूर येतो व पान भरलेलें दिसतें. म्हणून पहिल्या बंधनाचा इतिहास लिहिला गेला, दुसऱ्याचा लिहावयाचा राहिला. येथें दैवगति अशी कीं, १८६८ पासून मुंबई सरकार देशी पत्रांतील मजकुराचे जे इंग्रजी सारांश गुप्तपणें करवून घेत असे, त्यांतच पुष्कळ लहान पत्रांचें म्हणणें टिकून राहिलें. ‘दीनबंधू’चे फारच थोडे अंक आज पाहावयास मिळतात, त्याच्या मतांचा शोध घेणाऱ्यास संशयी सरकारच्या भाषांतरकाराकडे जावें लागतें. पूर्वपक्ष पुन्हां एकदां परक्याच्या तोंडीं!

दुसरा आक्षेप असा कीं, संपादक म्हणजे कांहीं धर्मशाळेचा व्यवस्थापक नव्हे. येईल त्यास उतरूं देणें हें त्याचें कर्तव्य नाहीं. जागा थोडी, वेळ थोडा, पत्र चालविण्यामागें कांहीं निश्चित हेतु. निवड करावीच लागते. हें आम्हांस पूर्ण मान्य आहे. वगळलेलें प्रत्येक मत खरें असतें असेंही आम्ही म्हणत नाहीं. वगळलेल्या कागदांत मूर्खपणा, चहाडी व द्वेष यांचा भरणाच अधिक असावा. शिवाय आगरकरांस ‘केसरी’ सोडून ‘सुधारक’ काढतां आला, यावरून त्या काळीं अनेक पत्रांच्या मिळून एका खुल्या सभेची सोय होती असेंही म्हणतां येईल. परंतु ही सोय ज्याच्यापाशीं अक्षर, छापखाना व वर्गणीदार होते त्यालाच होती. आणि आमचा मुद्दा संपादकाच्या हक्काचा नाहींच. तो पुराव्याच्या मोलाचा आहे. निवड करणें हा संपादकाचा हक्क असेल. निवडलेल्यालाच सर्वस्व मानणें हा संशोधकाचा प्रमाद आहे.

याच पुण्यांत निवड कशी करावी याचा एक आदर्श आमच्यासमोर आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें व तें १९६६ सालीं पुरें झालें. विष्णु सीताराम सुखटणकरांनीं व त्यांच्या मागून आलेल्या संपादकांनीं शेंकडों पोथ्या ताडून हजारों श्लोक मूळ संहितेच्या बाहेर काढले. परंतु बाहेर काढलेला एकही श्लोक त्यांनीं फेंकून दिला नाहीं. तो तळटीपेंत तारांकित होऊन राहिला, मोठा असेल तर परिशिष्टांत गेला, आणि कोणत्या पोथींत तो आहे व कोणत्या पोथींत नाहीं हें त्याच्याजवळ लिहिलें गेलें. संपादकाचा निर्णय चुकला असें ज्यास वाटेल त्याच्या हातीं तो निर्णय फिरविण्याचें साधनही त्याच पानावर दिलें आहे. ठाम मत असणें आणि प्रतिपक्ष जपून ठेवणें या दोन गोष्टी एकाच वेळीं करतां येतात हें या आवृत्तीनें दाखवून दिलें. वृत्तपत्राच्या घाईंत हें शक्य नाहीं, हें आम्ही जाणतों. पण जुन्या वृत्तपत्रांवर लिहिणाऱ्यास घाई कसली आहे?

आतां आमचा स्वतःचा एक अपराध सांगतों. चाळीसएक वर्षांपूर्वीं एका जुन्या घराण्याचें दप्तर पाहण्यास आम्हांस बोलाविलें होतें. आम्हीं मोठ्या उत्साहानें रुमाल सोडले. सनदा, वतनाचे कागद, मोडी पत्रें वेगळीं काढलीं, त्यांची यादी केली. रुमालांच्या खालीं ओल लागूं नये म्हणून जुनीं छापील पत्रें पसरलेलीं होतीं. तीं कोणतीं होतीं, कोणत्या सालचीं होतीं, हें आम्हीं पाहिलेंही नाहीं. घरच्या मंडळींनीं विचारलें तेव्हां ‘छापील आहे, त्यांत काय पाहावयाचें’ असें आम्हीं उत्तर दिलें, आणि तीं रद्दींत गेलीं. ज्या सनदा आम्हीं जपल्या त्यांच्या नकला इतरत्र होत्या असें पुढें कळलें. त्या पत्रांच्या दुसऱ्या प्रती कोठें होत्या कीं नव्हत्या, हें आतां कोणीही सांगूं शकणार नाहीं. कदाचित् त्यांत कांहींच महत्त्वाचें नसेल. पण तसें म्हणण्याचाही अधिकार आम्हीं त्या दिवशीं गमावला.

म्हणून संग्राहक मित्रांस आमची विनंती आहे. ज्या पत्रांच्या फायली ग्रंथालयांत पुऱ्या आहेत व आतां यंत्राच्या साह्यानें ज्यांचीं चित्रेंही घेतलीं जात आहेत, त्यांची चिंता करण्याचें कारण उरलें नाहीं. तालुक्याच्या गांवीं दोन वर्षें चालून बंद पडलेलीं पत्रें, जातिसभांचीं मासिकें, जलशांचीं चोपडीं, लेखकानें पदरमोड करून छापलेल्या आठ-दहा पानी पुस्तिका, आणि विशेषतः संपादकास पाठविलेल्या पत्रांचे घरीं राहिलेले मसुदे, यांस ताम्रपटाइतकें जपावें. मसुद्याच्या पाठीवर ‘छापलें नाहीं’ असा शेरा आढळल्यास तो कागद छापलेल्या पत्राहून मोलाचा समजावा. आणि लेखक मित्रांस सांगणें एवढेंच कीं, ‘लोकमत असें होतें’ असें लिहिण्यापूर्वीं लेखणी क्षणभर थांबवावी, आणि ‘अमुक पत्रांत असें छापलें गेलें, अमुक पत्रांची फाईल उपलब्ध नाहीं’ एवढेंच लिहावें. वाक्य थोडें लांबेल, परंतु तें खोटें ठरणार नाहीं.

आज मतें छापण्याचीं व ऐकविण्याचीं साधनें शतपटीनें वाढलीं आहेत, आणि रोज रात्रीं मोठ्या आवाजांत वाद चालतात. त्यांतही आवाजाची उंची आणि पक्षांची संख्या या दोहोंचा घोटाळा होतो असें आम्हांस वाटतें. परंतु तो या त्रैमासिकाचा विषय नव्हे. शंभर वर्षांनीं कोणी संशोधक आजचें लोकमत लिहावयास बसेल, तेव्हां त्याच्या हातीं कोणते कागद असतील हें मात्र आपल्यापैकीं प्रत्येकाच्या घरांतील रद्दीच्या गठ्ठ्यावर अवलंबून आहे.